सोलापूरची रिकामी जागा

मराठीतील राजकीय कादंबरीचा विषय निघाला की आपण आधी अरुण साधूंचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांनी, आणि त्यांच्या आधारे जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये केलेल्या चित्रपटाने, सत्ताकारणाची जी प्रतिमा आपल्या मनात पक्की केली ती मुंबईची आहे. मंत्रालय, वार्ताहर, कामगार पुढारी आणि या सर्वांच्या मध्यभागी एक खुर्ची. या प्रतिमेत एक गोष्ट सहसा दिसत नाही. मोठ्या खुर्चीवर बसायला गेलेला माणूस कुठल्यातरी लहान खुर्चीवरून उठलेला असतो, आणि त्याच्या पाठीमागे ती लहान खुर्ची रिकामी पडलेली असते. तिच्यावर कोणी बसायचे, हे कोण ठरवते? आणि ती खुर्ची मुळात त्या माणसाची होती की त्याला काही काळापुरती बसायला दिलेली होती? २००३ साली सोलापूर लोकसभा मतदारसंघाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याकडे राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी पोटनिवडणुकीचा एक निकाल यापलीकडे फारसे पाहिलेले दिसत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी ते पाहावे असे मात्र वाटते. कारण त्या निकालात एक पूर्ण कादंबरी दडलेली आहे.

घटनाक्रम असा. १८ जानेवारी २००३ रोजी सुशीलकुमार शिंदे यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. विलासराव देशमुख यांचे सरकार ऑक्टोबर १९९९ पासून चालू होते. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन पक्ष विधानसभेची निवडणूक एकमेकांविरुद्ध लढून मग सत्तेसाठी एकत्र आलेले असल्यामुळे त्या सरकारचा संसार पहिल्या दिवसापासून कुरबुरींचा होता. जून २००२ मध्ये तर विश्वासदर्शक ठरावापर्यंत पाळी आली. सरकार वाचले, पण देशमुखांचे आसन डळमळीत झाले ते झालेच. निवडणुकीला दीड वर्ष उरले असताना दिल्लीने नेतृत्वबदल केला आणि महाराष्ट्राला पहिला दलित मुख्यमंत्री मिळाला. त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २००२ मध्ये, याच शिंद्यांना काँग्रेसने उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भैरोसिंह शेखावत यांच्यासमोर उभे केले होते. तो पराभव ठरलेलाच होता.

मुख्यमंत्री झाले तेव्हा शिंदे सोलापूरचे खासदार होते. १९९८ आणि १९९९ अशा लागोपाठ दोन निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या होत्या. राज्याच्या विधिमंडळाच्या कोणत्याही सभागृहाचे ते सदस्य नव्हते. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमानुसार सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात निवडून आले नाही तर पद जाते. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत शिंद्यांना विधिमंडळात येणे भाग होते. विधान परिषदेचा सोपा मार्ग होता. त्यांनी विधानसभा निवडली. आता विधानसभेत यायचे तर कोणीतरी उठून जागा करून द्यायला हवी. दक्षिण सोलापूरचे काँग्रेसचे आमदार आनंदराव देवकते यांनी राजीनामा दिला, तिथे पोटनिवडणूक झाली आणि मुख्यमंत्री विधानसभेत पोहोचले. मग लोकसभेची जागा रिकामी झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेल्या १५१(अ) या कलमानुसार ती सहा महिन्यांत भरणे आवश्यक होते. आपली आमदारकी देणाऱ्या देवकत्यांना काँग्रेसने खासदारकीची उमेदवारी दिली. कागदावर हा व्यवहार अगदी नेटका दिसतो : तू मला तुझे दे, मी तुला माझे देतो.

सप्टेंबर २००३ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि देवकते पडले. मुख्यमंत्र्यांनी सोडलेली, मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या गावाची जागा, मुख्यमंत्री सत्तेवर असताना भारतीय जनता पक्षाने जिंकली. जिंकणाऱ्या उमेदवाराचे नाव होते प्रतापसिंह मोहिते-पाटील. अकलूजच्या सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटलांचे पुत्र आणि शिंदे मंत्रिमंडळातील राष्ट्रवादीचे ज्येष्ठ मंत्री विजयसिंह मोहिते-पाटील यांचे सख्खे बंधू.

ही माहिती सोलापूरकरांना नवी नाही. पण पारावर बसून 'भावाने भावाला मदत केली' एवढ्या एका वाक्यात तिची वासलात लावली जाते, तेव्हा तिच्यातला इतिहास हातातून निसटतो. कोणी कोणाला फोन केला आणि कोणत्या गाडीतून काय गेले, या गोष्टींचा शोध हा वार्ताहराचा विषय आहे. आपल्याला पाहायचे आहे ते हे की, अशी मदत कोणी केली वा न केली, तरी कार्यकर्त्याला त्या निवडणुकीचा अर्थ कसा लागला असेल. आघाडीचा धर्म सांगतो की काँग्रेसचा उमेदवार आपला. कारखान्याचा धर्म सांगतो की अकलूजचा माणूस आपला. ज्याचा ऊस कारखान्याला जातो, ज्याचे पीककर्ज जिल्हा मध्यवर्ती बँकेतून येते, ज्याचा मुलगा संस्थेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागायचा आहे, त्याला या दोन धर्मांतून निवड करायला कोणी आदेश द्यावा लागत नाही. मौनही पुरते.

इथे सोलापूर जिल्ह्याची रचना थोडी उलगडली पाहिजे. सोलापूर शहर गिरण्यांचे, विणकरांचे, विडी कामगारांचे. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी या चार भाषा इथल्या बाजारात एकाच वेळी कानावर पडतात. जिल्ह्याची पश्चिम बाजू, म्हणजे माळशिरस आणि पंढरपूरकडचा पट्टा, पाण्याचा, उसाचा आणि सहकारी साखर कारखान्यांचा. पहिल्या भागात नेता तयार होतो तो कामगार चळवळीतून, जातिसमूहांच्या संघटनांतून, पक्षातून. दुसऱ्या भागात तो तयार होतो संस्थेतून, आणि संस्था म्हणजे घराणे. शंकररावांनी अकलूजच्या माळावर कारखाना उभा केला, त्याभोवती दूध, शिक्षण, कुक्कुटपालन, बँक असा पसारा वाढला आणि त्याची दुसरी पिढी जिल्ह्याच्या राजकारणाची सूत्रधार झाली.

शिंदे यांचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी, शिक्षण, मग पोलीस उपनिरीक्षक. शरद पवारांच्या आग्रहावरून ती नोकरी सोडून १९७४ साली करमाळ्याच्या राखीव जागेची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. (त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातही एका रिकाम्या जागेनेच झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) पुढे आमदार, मंत्री, राज्याचा अर्थसंकल्प सलग नऊ वेळा मांडणारे अर्थमंत्री, राज्यसभा सदस्य, पक्षाचे सरचिटणीस. या चढत्या आलेखात कारखाना कुठेच नाही. त्यांची सत्ता पक्षाकडून आलेली होती. आणि पक्षाने दिलेली सत्ता पक्ष ज्या वेळी जितकी टिकवेल तितकीच टिकते. यात त्यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट, संस्थेच्या पाठबळाशिवाय तीस वर्षे महाराष्ट्राच्या राजकारणात पहिल्या रांगेत राहणे ही अपवादात्मक गोष्ट आहे.

आणि आता या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २००३ साली सोलापूर लोकसभा मतदारसंघ राखीव नव्हता. जिल्ह्यातला राखीव मतदारसंघ होता पंढरपूर. शिंदे सोलापुरातून दोनदा निवडून आले ते खुल्या जागेवरून. त्याआधी विधानसभेतही त्यांनी करमाळ्याची राखीव जागा सोडून सोलापूर शहर उत्तर या खुल्या मतदारसंघातून १९७८ पासून निवडणुका जिंकल्या होत्या. महाराष्ट्रात खुल्या जागेवरून वारंवार निवडून येणारे दलित नेते बोटांवर मोजावेत इतके. म्हणून २००३ ची रिकामी जागा ही नुसती एका खासदाराची जागा नव्हती. राखीव चौकटीबाहेर एका दलित नेत्याने मिळवलेली ती जागा होती, आणि ती सोडताच परत मिळत नाही हे तिने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, २००४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, काँग्रेसने इथून उज्ज्वलाताई शिंदे यांना उभे केले. राज्याचे मुख्यमंत्री त्यांचे पती होते, देशात वारे काँग्रेसच्या बाजूने फिरत होते. तरीही भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले. शिंदे स्वतः सोलापूरचे खासदार पुन्हा झाले ते २००९ मध्ये. तोपर्यंत मतदारसंघांची पुनर्रचना होऊन सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाले होते.

दोन पोटनिवडणुकांची तुलना इथे उपयोगी पडेल. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणाने हादरलेल्या नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. मुख्यमंत्रिपद सोडून गेलेल्या यशवंतरावांना संसदेत जागा हवी होती. १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. युद्धाची छाया होती, विरोधकांनी समंजसपणा दाखवला, हे सर्व खरे. पण काँग्रेस तेव्हा एक घर होते आणि घरातली भांडणे उंबऱ्याच्या आत राहत. १९९१ चे उदाहरण वेगळ्या प्रकारचे. बारामतीतून लोकसभेवर निवडून आलेल्या अजित पवारांनी काही महिन्यांत राजीनामा दिला, त्या जागेवरून नरसिंह राव सरकारात संरक्षणमंत्री झालेले शरद पवार लोकसभेत गेले. अजितदादा बारामतीतूनच विधानसभेत आले. काकांची जागा पुतण्याला, पुतण्याची काकांना. पाण्यावर तरंगही उमटला नाही. जिथे जागेचा मालक घराणे असते तिथे जागा रिकामी होतच नाही. ती घरातल्या घरात फिरते. सोलापुरात हेच गणित पक्षाच्या पातळीवर मांडायचा प्रयत्न झाला, देवकते आणि शिंदे यांच्यात, आणि ते चुकले. देवकते दक्षिण सोलापूरचे जुने, मुरलेले आमदार होते. पण त्यांचे बळ त्यांच्या तालुक्यात होते. लोकसभेच्या सहा विधानसभा क्षेत्रांत ते शिंद्यांचे 'वारस' ठरू शकत नव्हते, कारण शिंद्यांकडे वारशाने द्यावे असे संस्थात्मक काही नव्हतेच.

सोलापूर हा एकाकी अपवाद होता असेही नाही. त्याच सप्टेंबरात केरळातील एर्नाकुलमची लोकसभेची जागाही काँग्रेसने पोटनिवडणुकीत गमावली. तिथे काँग्रेसच सत्तेवर होती, मुख्यमंत्री ए. के. अँटनी होते आणि के. करुणाकरन यांचा गट त्यांच्यावर उघड रुसलेला होता. सार्वत्रिक निवडणुकीत सरकार कोणाचे हा प्रश्न इतका मोठा असतो की गटातटांना दबून राहावे लागते. पोटनिवडणुकीत सरकार पडायचे नसते. म्हणून आपल्याच पक्षाला, आपल्याच मित्राला चिमटा काढायची मुभा असते.

आपल्याकडे रिकामी जागा मतदार भरतो, म्हणून निदान हिशेब उघड्यावर येतो. अमेरिकेत सेनेटची जागा मध्येच रिकामी झाली तर बहुतेक राज्यांत राज्याचा गव्हर्नर तात्पुरती नेमणूक करतो. २००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर इलिनॉयची त्यांची जागा रिकामी झाली, आणि ती कोणाला द्यायची याचा सौदा करू पाहिल्याच्या आरोपावरून गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना डिसेंबरात अटक झाली. अटकेनंतरही त्यांनी त्या जागेवर रोलंड बरिस यांना नेमले! पुढे महाभियोगाने पद गेले, शिक्षा झाली, ती माफही झाली.

हसण्याचे कारण नाही. राज्यपालाच्या सहीने भरल्या जाणाऱ्या जागा आपल्या विधान परिषदेतही बारा आहेत, आणि आपल्यासारख्या वाचकांचा त्यांच्याशी जवळचा संबंध आहे. कारण घटनेच्या १७१ व्या कलमात त्या साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी सांगितल्या आहेत. राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांच्या यादीत 'सहकार' नाही, विधान परिषदेच्या यादीत आहे. म्हणजे ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर ज्या बाकावर बसले, त्याच बाकावर बसण्याचा हक्क साखर कारखान्याच्या माणसालाही घटनेनेच दिलेला आहे. तो बाक अलीकडे कसा रिकामा राहिला ते सर्वांनी पाहिले. एप्रिल २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांना सहा महिन्यांच्या त्याच मुदतीत सदस्य व्हायचे होते; मंत्रिमंडळाने शिफारस करूनही राज्यपालांनी नियुक्ती केली नाही आणि शेवटी मे महिन्यात परिषदेची निवडणूक होऊन ते बिनविरोध आले. नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली बारा नावांची यादी तर तशीच पडून राहिली. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये वाजवी मुदतीत निर्णय घेण्याचे कर्तव्य सांगितले, सरकार बदलले, यादी परत गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या दिवशी सात जणांच्या नियुक्त्या झाल्या. त्यांत साहित्यिक किती, हे वाचकांनी स्वतः मोजावे. पुण्याची लोकसभेची जागा मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट यांच्या निधनाने रिकामी झाली, ती तर भरलीच गेली नाही. उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्यायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तोवर सार्वत्रिक निवडणूक आली. जागा रिकामी ठेवणे हीसुद्धा एक खेळी असते. या पार्श्वभूमीवर २००३ चे सोलापूर बरेच म्हणावे लागेल : तिथे मतदारांना विचारले तरी गेले.

पण विचारून त्यांच्या पदरात काय पडले? प्रतापसिंह मोहिते-पाटील सप्टेंबरात निवडून आले आणि ६ फेब्रुवारी २००४ रोजी तेरावी लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली. पाच महिनेसुद्धा नाहीत. गिरण्यांचे भोंगे बंद होत होते, यंत्रमागाचा धंदा अडचणीत होता, शहराला पाणी दिवसाआड मिळत होते. या प्रश्नांना त्या पाच महिन्यांत स्पर्श होणे शक्यच नव्हते. पोटनिवडणूक सोलापूरच्या जागेसाठी झाली, लढत मात्र आघाडीत कोणाचा शब्द चालतो यासाठी होती. त्याचे उत्तर डिसेंबरात अधिक स्पष्ट झाले. छगन भुजबळ यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर राष्ट्रवादीने त्या पदासाठी निवड केली ती विजयसिंह मोहिते-पाटील यांची. मुख्यमंत्री सोलापूरचे, उपमुख्यमंत्री अकलूजचे, दोघेही एकाच जिल्ह्याचे. आणि त्या जिल्ह्याचा खासदार विरोधी पक्षाचा, उपमुख्यमंत्र्यांचा भाऊ! ही रचना एखाद्या कादंबरीकाराने केली असती तर आपण तिला बेतलेली म्हटले असते.

ऑक्टोबर २००४ च्या विधानसभा निवडणुकीत आघाडी पुन्हा जिंकली. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले. शिंद्यांकडे मात्र ते राहिले नाही. निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकली, शपथ विलासराव देशमुखांनी घेतली, आणि शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. दक्षिण सोलापूरची, देवकत्यांनी ज्यासाठी त्याग केला ती जागा दोन वर्षांच्या आत पुन्हा सुटली. २००६ मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले तेव्हाही संसदेत आले ते राज्यसभेतून. तीन वर्षांत लोकसभा, विधानसभा, राजभवन आणि राज्यसभा. वरवर पाहता ही बढत्यांची साखळी आहे. तिच्याकडे नीट पाहिले तर पक्ष ज्या माणसाला कुठेही पाठवू शकतो, त्याला त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात रुजू देत नाही, हे दिसते. कारखानदार नेत्याला असे हलवता आले असते का? विजयसिंहांना कोणी राज्यपाल करून पाठवण्याचा विचार तरी केला असता का?

रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट'ने सहकाराच्या राजकारणाचा जो विस्तृत पट मांडला, त्याच्या शेजारी ठेवायला शिंद्यांसारख्या नेत्याची, संस्थेविना सत्तेत वावरणाऱ्या माणसाची कादंबरी मराठीत अजून यायची आहे. दलित आत्मकथनांनी गावकुसाबाहेरून आत येण्याचा प्रवास सांगितला. आत आल्यावर, अगदी वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर, पायाखालच्या फरशीचा मालक कोण हे कळते तेव्हा काय होते, ते सांगणारा मजकूर आपल्याकडे फार थोडा आहे.

२००८ च्या पुनर्रचनेने या दोन्ही घराण्यांचे जुने हिशेब एका फटक्यात बदलले. सोलापूर लोकसभा राखीव झाली. पंढरपूर लोकसभा नाहीशी होऊन माढा हा खुला मतदारसंघ आला, तिथे पहिल्या निवडणुकीला स्वतः शरद पवार उभे राहिले. माळशिरसची विधानसभाही राखीव झाली, त्यामुळे विजयसिंहांना आपला तालुका सोडून पंढरपुरात जावे लागले आणि तिथे भारत भालके यांनी त्यांना हरवले. पाण्याच्या आणि उसाच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या टिकलेली जागा नकाशावरच्या एका रेषेने गेली. २०१४ मध्ये मोदी लाटेत शिंदे सोलापुरात शरद बनसोडे यांच्याकडून हरले, विजयसिंह मात्र माढ्यातून लोकसभेत पोहोचले. २०१९ मध्ये शिंद्यांचा जयसिद्धेश्वर स्वामींकडून आणखी एक पराभव झाला. मोहिते-पाटील घराणे तोवर भाजपच्या बाजूला गेले होते. २०२४ मध्ये अकलूजने पुन्हा दिशा बदलली. माढ्यातून धैर्यशील मोहिते-पाटील शरद पवारांच्या पक्षातर्फे निवडून आले आणि सोलापुरातून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे. त्यांनी हरवलेले उमेदवार राम सातपुते हे माळशिरसचे, म्हणजे अकलूजच्याच तालुक्याचे आमदार होते. या वेळी दोन्ही घराणी एकाच आघाडीत होती.